झाडं तिचीच, देऊळही तिचंच: एका देवराईच्या जीर्णोद्धाराचं प्रकरण

(रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातलं हे प्रकरण आहे. गावाची, माणसांची ओळख लागू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. ग्रामदेवता वाघजाई म्हटली आहे; या नावाची ठाणी सह्याद्रीच्या पायथ्याला गावोगाव सापडतात.)

पार्श्वभूमी

गाव आठ वाड्यांचं. शेती भाताची आणि नाचणीची, थोडी आंब्याची कलमं, आणि प्रत्येक घरातलं निदान एक माणूस मुंबईला. गावाच्या वरच्या अंगाला सुमारे चार एकरांची राई. कागदावर तिला देवरहाटी म्हणतात, बोलताना सगळे नुसतं ‘राई’ म्हणतात. मध्यभागी जांभ्या दगडाचं जोतं, त्यावर लाकडी खांबांवर तोललेलं कौलारू छप्पर, आणि आत वाघजाई. मूर्ती म्हणावी असं काही नाही. शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, आणि बाजूला झिजलेले दोन वीरगळ. आत उभं राहिलं तर जेमतेम वीस माणसं मावतात.

राईचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. पायातलं बाहेर काढायचं. कोयता, कुऱ्हाड आत न्यायची नाही. वाऱ्यापावसाने झाड पडलं तरी ते तिथेच कुजू द्यायचं. घरी काटकीसुद्धा न्यायची नाही. फक्त जत्रेच्या महाप्रसादाला पडलेलं लाकूड वापरायचं, तेही राईच्या हद्दीतच पेटवायचं. शिमग्याच्या होमाचं झाडही राईतलं नसे, ते ज्या घराचा मान त्याच्या जमिनीतून येई. नियम मोडला की काय होतं याच्या गोष्टी प्रत्येक घरात वेगळ्या, पण ‘जागा कडक आहे’ यावर दुमत नव्हतं.

याच नियमांच्या माळेत असेही नियम होते, ज्यांची आठवण आता कोणी फारशी काढत नाही. पाळीच्या दिवसांत बायकांनी राईच्या हद्दीत यायचं नाही. आणि खालच्या वाडीतल्या, जी पुढे बौद्धवाडी झाली, माणसांनी जोत्याच्या जवळ यायचं नाही. देवरायांचं कौतुक करताना हा भाग गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. ज्या ‘लांब राहा’मुळे झाडं वाचली, त्याच ‘लांब राहा’ने माणसंही बाहेर ठेवली, इथे जे घडलं ते समजून घ्यायचं तर दोन्ही एकदम पाहावं लागतं.

राईतली झाडं म्हणजे आंबा, किंजळ, सातवीण, नाणा, जांभूळ, आणि त्यांच्यावर चढलेली मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल. जोत्याच्या उत्तरेला एक बेहडा, चार माणसांच्या कवेत न मावणारा. त्याच्या ढोलीत महाधनेशाची वीण होते. इथले लोक त्याला गरुड म्हणतात. मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो, हे गावातल्या पोरांना शाळेच्या आधीपासून माहीत असतं. राईच्या पायथ्याशी एक झरा आहे. तो मे महिन्यातही आटत नाही, आणि खालच्या दोन वाड्यांची नळयोजना त्याच्यावर चालते.

प्रश्न कसा उभा राहिला

छप्पर गळत होतं आणि दोन खांबांना वाळवी लागली होती. दुरुस्ती हवी होती, हे कोणीच नाकारत नव्हतं. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की मंडळाची वार्षिक सभा होते. त्या सभेत मुंबईच्या ग्रामविकास मंडळाने नव्या देवळाचा नकाशा ठेवला: काँक्रीटचा गाभारा, ग्रॅनाइटची फरशी, शिखर, पुढे दीडशे माणसांचा सभामंडप. शेजारच्या गावाने असंच देऊळ तीन वर्षांपूर्वी बांधलं होतं. वर्गणी बरीचशी जमली होती आणि ठेकेदाराला आगाऊ रक्कमही दिली गेली होती.

नकाशात जोत्याभोवतीचा भाग कोरा, पांढरा होता. त्यावर ‘मोकळी जागा’ असं लिहिलं होतं.

सभेत पहिला विरोध गुरवांनी केला, तोही अर्धवट. त्यांचं म्हणणं एवढंच की ही रानातली देवी आहे, तिच्या डोक्यावर एवढं ओझं कशाला. मग वरच्या वाडीतले एक वयस्कर गावकर, म्हणजे गावचे मानकरी, उठले आणि झाडांचं काय, असं त्यांनी विचारलं. मंडळाच्या सचिवांनी दिलेलं उत्तर मला आजही बिनतोड वाटतं: “झाडं तिचीच, देऊळही तिचंच. तिच्या घरासाठी तिची झाडं गेली तर त्यात पाप कसलं?”

हे उत्तर हलकं नव्हतं. सातबाऱ्यावर खातेदार म्हणून वाघजाईचंच नाव आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेतही झाडं ही तिची मालमत्ता. आपल्याकडे देव ही कायद्याने व्यक्ती असते, तिच्या नावावर जमीन असू शकते. पण देवाची जागा ही व्यक्ती असतेच असं नाही. २०१९च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रामलल्ला विराजमान यांना कायदेशीर व्यक्ती मानलं, जन्मस्थानाच्या जमिनीला मात्र तसा स्वतंत्र दर्जा द्यायला नकार दिला. सचिवांनी तो निकाल वाचला असेल असं नाही, पण त्यांचा युक्तिवाद त्याच रुळावरून चालला होता. देवी म्हणजे तो तांदळा, आणि बाकी सगळं तिचं सामान.

गावकरांच्या डोक्यातली देवी वेगळी होती. त्यांच्या दृष्टीने तांदळा म्हणजे देवी बसते ती जागा, आणि राई म्हणजे ती जिथे वावरते ते घर. ते घर आधीच बांधलेलं आहे. म्हणून हा वाद श्रद्धाळू विरुद्ध अश्रद्ध असा नव्हता. दोन्ही बाजूंचे लोक नवस फेडणारे, पालखी नाचवणारे. पिढ्यान्‌पिढ्या देवीबद्दलचा आदर ‘हात लावायचा नाही’ या रूपात होता. आता तो ‘काहीतरी करून दाखवायचं’ या रूपात येत होता. वर्षातून दोनदा गावी येणाऱ्या माणसाला काटकी न तोडून भक्ती दाखवता येत नाही. त्याच्याकडे द्यायला पैसे असतात, आणि पैशाला लागते पावती, पाटी, पायरी. मुंबईकरांना नावं ठेवण्यापूर्वी एवढं तरी लक्षात घ्यायला हवं.

समोरचे पर्याय

झाडांची नोंद करणाऱ्या एका छोट्या गटाबरोबर माझं त्या भागात जाणं-येणं होतं. गावकरांच्या ओळखीने आम्हाला बोलावणं आलं ते या टप्प्यावर. तेव्हा गावापुढे पाच वाटा होत्या.

पहिली, नकाशाप्रमाणे बांधणं. दुसरी, तहसीलदार किंवा वनखात्याकडे तक्रार करून काम थांबवणं. तक्रारीला आधार भक्कम होता. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, ते वन (संवर्धन) अधिनियम, १९८० खाली जंगलच, मालकी कोणाचीही असो. पुढे १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातल्या ओरणांबाबत, म्हणजे तिथल्या देवरायांबाबत, याच न्यायालयाने त्यांची नोंद आणि नकाशे करून त्यांना वनाचं संरक्षण देण्याचे आदेश दिले. राज्याचा १९६४चा झाडं तोडण्यावरचा कायदाही होता. मात्र त्यात गंमत अशी की त्याच्या अनुसूचीत आंबा, किंजळ, जांभूळ आहेत, बेहडा नाही. सरकारच्या यादीत मोजकी झाडं येतात. वाघजाईच्या यादीत रानमोडीसारखं तणसुद्धा होतं.

तक्रारीचा पर्याय गावातल्या विरोधकांनीच बाजूला ठेवला. वनखातं एकदा राईत आलं की राई वनखात्याची होईल, ही भीती तिथे मुरलेली आहे, आणि कोकणातल्या देवराया कागदावर कोणाच्या यावरून जे घोळ झाले आहेत ते पाहता ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. शिवाय मुंबईत बसलेल्या भावाविरुद्ध सरकारकडे जायचं म्हणजे पुढच्या शिमग्याला पालखीला खांदा कोणी द्यायचा?

तिसरी वाट जुन्या जोत्यावरच दुरुस्ती करण्याची. चौथी, सभामंडप राईच्या बाहेर, सहाणेजवळ बांधण्याची. शिमग्यात पालखी सहाणेवरच बसते, त्यामुळे गर्दीही तिथेच होते. पाचवी, जैविक विविधता कायद्याखाली वारसा स्थळाचा दर्जा मागण्याची. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथल्या देवराईला तसा दर्जा मिळाला आहे, तिथल्या रानजायफळाच्या दलदलीमुळे. पण त्या वाटेला वेळ लागतो आणि ठेकेदार पावसाआधी पाया खणायला तयार होता.

पहिला निर्णायक क्षण: चुन्याच्या खुणा

आम्ही झाडांची यादी केली, तिचा फारसा परिणाम झाला नाही. शास्त्रीय नावं वाचून दाखवताना लोक सौजन्याने ऐकत होते, एवढंच. ‘जैवविविधता’ हा शब्द सभेत दोनदा आला आणि दोन्ही वेळा मंडळी चुळबुळ करायला लागली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्याला आता अर्धशतक झालं. पण तो सगळा अभ्यास अशा सभेत घेऊन गेलात तर तुम्ही बाहेरचेच ठरता.

फरक पडला तो एका सुतळीने. गावातल्या एका गवंड्याने साधा प्रश्न विचारला: वाळू, खडी, लोखंड आत येणार कसं? नकाशात रस्ता नव्हता. डंपर गाडीरस्त्यापासून जोत्यापर्यंत न्यायचा तर बारा फुटांची वाट हवी, आणि वळणावर त्याहून जास्त. त्याने दुसऱ्या दिवशी दोन पोरं घेऊन सुतळी धरली आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक खोडाला चुन्याचा पट्टा मारला. नकाशाप्रमाणे इमारतीच्या पायात तेवीस झाडं येत होती. वाटेत त्याहून जास्त आली. बेहडा थेट वाटेत नव्हता, पण त्याच्या मुळांवरून डंपर जाणार होता.

संध्याकाळी गाव बघायला आलं. सकाळपर्यंत ‘थोडी झाडं’ असा शब्द चालू होता. आता पांढरे पट्टे रांगेत दिसत होते. एका म्हातारीने एका आंब्यावर हात ठेवून नुसतं “हा पण?” विचारलं. त्या आंब्याखाली लग्नानंतर नवी सून आणून तिची ओटी भरतात. मंडळाचे दोन तरुण सभासद, जे आदल्या सभेत सर्वांत जोरात बोलले होते, त्यांनी स्वतः पट्टे मोजले आणि काही न बोलता परत गेले. झाड तोडायचं आहे हे त्यांना माहीत होतं. कुठलं, ते त्या दिवशी कळलं.

दुसरा निर्णायक क्षण: कौलाचा प्रश्न

अशा बाबतीत शेवटचा शब्द देवीचा असतो. गुरव तिला ओल्या पाकळ्या लावतो, मानकरी गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौलावर आपला विश्वास असो वा नसो, गावातली माणसं तो पाळतात ही वस्तुस्थिती आहे, आणि निर्णयाची पद्धत म्हणून तो अभ्यासण्यासारखा आहे.

खरा वाद झाला तो कौल लावण्याआधी, देवीला काय विचारायचं यावर. मंडळाने मांडलेलं गाऱ्हाणं असं होतं: आई, लेकरं तुझं नवं देऊळ बांधतायत, तुझी राजीखुशी आहे ना? गावकर म्हणाले, असं विचारलं तर कोणती आई नाही म्हणेल? त्यांना विचारायचं होतं: तुझ्या राईला कुऱ्हाड लावायची का? त्यावर मंडळ म्हणालं, असं विचारलं तर कोणती आई हो म्हणेल? दोन्ही बाजू बरोबर होत्या. सकाळचे दोन तास यात गेले, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातले सर्वांत मोलाचे दोन तास तेच, कारण पहिल्यांदाच देऊळ आणि झाडं हे दोन प्रश्न वेगळे केले गेले.

शेवटी दोन गाऱ्हाणी ठरली. एक: तुझं ठाणं आहे तिथून, आहे तसं हलवायचं का? दोन: कामासाठी राईतली झाडं काढायची का? पहिल्याला डावा कौल मिळाला, स्पष्ट. दुसऱ्याला पाकळ्या पडल्याच नाहीत. गुरवांनी तीनदा हात जोडले, ऊन डोक्यावर आलं, पाकळ्या सुकून दगडाला चिकटून बसल्या. कौल अडला.

आता याचा अर्थ काय? सचिव म्हणाले, नाही तर म्हणाली नाही ना. गावकर म्हणाले, हो तरी कुठे म्हणाली. तेव्हा गुरवांनी एक जुना संकेत सांगितला: देवी बोलत नाही तोवर आधीचा नियम चालू. म्हणजे ज्याला बदल हवा, त्याने होकार मिळवून आणायचा. कोणीही हरलं नाही, आणि मंडळाला मुंबईत जाऊन ‘देवीने थांबायला सांगितलं’ एवढं सांगता आलं.

ग्रामसभा आणि पाणी

कौलानंतर आठवड्याभराने ग्रामसभा झाली. तिथे बौद्धवाडीतल्या एक सदस्य बोलल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुमची देवी, तुमचा कौल, त्यात आम्हाला कधी कोणी विचारलं नाही आणि आता विचारावं अशी अपेक्षाही नाही. पण राईखालचा झरा आमच्या नळाला येतो. वरची झाडं गेली आणि झरा गेला तर देवी तुम्हाला माफ करेल, आम्हाला टँकर कोण देणार?

सभा थोडी अवघडली. पण ठरावात आलेलं सर्वांत ठोस वाक्य याच बोलण्यातून आलं: झऱ्याच्या वरच्या अंगाला खोदकाम, तोड किंवा वाहनाची वाट करायची नाही. त्यात देवीचं नाव नाही. उद्या कोणी कौल नव्याने लावला, अनुकूल मिळवला, तरी हा ठराव उभा राहील. मनाईला पहिल्यांदाच असा आधार मिळाला, जो वाघजाईला न मानणाऱ्यालाही बांधतो आणि न मानणाऱ्याच्याही उपयोगाचा आहे.

काय केलं

तिसरी आणि चौथी वाट एकत्र केली. जोत्याचे हललेले चिरे काढून पुन्हा बसवले. खांब फणसाचे केले. लाकूड तीन घरांनी आपल्या जमिनीतून दिलं. कौलं नवी घातली. सगळं सामान गाडीरस्त्यापासून डोक्यावरून आणि हातगाडीवरून नेलं, आणि त्यात मुंबईहून आलेली पोरं सर्वांत पुढे होती. शिखर झालं नाही. सभामंडप सहाणेजवळ झाला, दोन घरांनी दिलेल्या जागेवर. देणगीदारांच्या नावांचा फलक तिथे लागला आणि तो चांगला ठसठशीत आहे.

काही देणगीदारांनी पैसे परत मागितले. ठेकेदाराची आगाऊ रक्कम मंडपाच्या कामात वळती करावी लागली, त्यावरून थोडी धुसफूसही झाली.

परिणाम

राई उभी आहे. चुन्याचे पट्टे दोन पावसाळ्यांत धुऊन गेले. बेहड्याच्या ढोलीत गरुडाची मादी पुढच्या हंगामातही बसली. ती आधीही बसत होती, तेव्हा हे निर्णयाचं यश म्हणून मोजणं थोडं जास्त होईल.

पण सगळं गोड नाही. मंडपावर बसवलेले दिवे नवरात्रात रात्रभर राईकडे तोंड करून जळतात. राईच्या हद्दीपर्यंत पेव्हर ब्लॉक आले. तांदळ्याला चांदीचा मुखवटा झाला, मुखवट्याची चोरी होऊ नये म्हणून लोखंडी जाळी आली, जाळीला कुलूप आलं, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे यावर आता नवा वाद आहे. पूर्वी तांदळ्याजवळ चोरण्यासारखं काही नव्हतं.

पावसात एक जुना आंबा पडला तेव्हा पुन्हा प्रश्न आला. लाकडाचा लिलाव करून मंडपाचं कर्ज फेडावं, अशी सूचना होती. या वेळी वाद अर्ध्या तासात मिटला: लाकूड महाप्रसादाच्या चुलीला, उरलेलं जागेवर.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. आधी कौल आणि मग ग्रामसभा, असं झाल्याने कौल न मानणाऱ्यांपुढे निर्णय तयार होऊनच आला. बौद्धवाडीने विरोध केला असता तर तो देवीला विरोध ठरला असता. पाण्याचा मुद्दा सगळ्यांत आधी मांडला गेला असता तर कदाचित कौलाची वेळच आली नसती.

नकाशा मागवतानाच ठेकेदाराला दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या: प्रत्येक झाड दाखवा, आणि सामान येण्याची वाट दाखवा. दुसरी गोष्ट गवंड्याने विचारली नसती तर तेवीस झाडांवर तडजोड होऊन गेली असती.

नियम लिहून काढावेत का, यावर गावात अजून एकमत नाही. तरुणांना ते फलकावर हवे आहेत. गुरवांचं म्हणणं आहे की लिहिलेला नियम वाचून माणूस त्यातली पळवाट शोधतो. मला वाटतं लिहावेत, पण त्याआधी कोणते लिहायचे ते ठरवावं लागेल. काटकीचा नियम लिहिला तर पाळीच्या नियमाचं काय करणार? लिहिताना तो गाळला तर गाव पहिल्यांदाच उघडपणे म्हणेल की देवीचे सगळे नियम देवीचे नाहीत, आणि लिहिला तर तो फलक गावातल्याच मुली वाचतील. या विषयावर बायकांची वेगळी बैठक घ्यायची ठरलं होतं, ती झाली नाही. बचत गटाच्या पुढच्या सभेत ती घेता येईल.

वारसा स्थळाचा प्रस्ताव पंचायतीच्या जैवविविधता समितीपुढे ठेवायचा आहे. त्याआधी सातबारा सरळ करावा लागेल: खातेदार वाघजाई आहे, पण व्यवस्थापक म्हणून ज्यांची नावं आहेत त्यातलं एकही माणूस हयात नाही. फेरफाराचा अर्ज तलाठ्याकडे दिला आहे. व्यवस्थापक म्हणून नवी नावं कोणाची घालायची हे अर्जात कोरं सोडलं आहे, कारण त्यावर गावाची सभा अजून व्हायची आहे.